अर्ध्या गुणाचे मोल

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली. रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि आणा सव्वासहा पैशांचा. पण पाव पैसा द्यायचा कोणी? म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस पैसे ठरले. सोळा आण्यांचा हिशेब एकत्र केला तर शंभर पैसे होत. एकेक आणा सुटा धरला तर शहाण्णवच. चार पैसे कोणी चोरले नव्हते. सोळा पावांतून ते गळून गेले होते.

हा जुना हिशेब मला आठवला तो येथे दादऱ्यात, एका वारली विद्यार्थिनीच्या निमित्ताने. शिष्यवृत्तीला साठ टक्क्यांची अट होती. सहा विषयांपैकी प्रत्येकाच्या दोन चाचण्यांची सरासरी घेऊन सहाशेपैकी बेरीज करायची होती. संगणकाने केलेल्या यादीत तिचे गुण ३५७, टक्के ५९ आणि पुढे शेरा ‘अपात्र’. वडील कारखान्यात पाळीवर जाणारे. शिष्यवृत्ती हुकली असती तर मुलीचे शिक्षणच थांबले असते.

मी कागद-पेन्सिल घेऊन ताळा केला. गणितात तिला ६१ आणि ६२ गुण होते, सरासरी साडेएकसष्ट. यादीत मात्र ६१. योगायोग असा की, सहाही विषयांची सरासरी ‘साडे’वरच संपत होती. सहा अर्ध्यांचे तीन गुण झाले. खरी बेरीज ३६०, म्हणजे नेमके साठ टक्के!

यंत्राने लबाडी केली नव्हती. ‘सी’सारख्या संगणकभाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उरलेला अपूर्णांक छाटला जातो. जवळच्या पूर्णांकाकडे न्यायचे असेल तर तसे मुद्दाम सांगावे लागते. छाटण्याची खोट ही की, घट नेहमी एकाच बाजूला पडते व साचत जाते. कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक फेरगणनेत तिसऱ्या दशांशस्थळापुढचे आकडे छाटले जात. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो सुमारे ५२५ दाखवीत होता. दुरुस्तीनंतर १०९८ च्या वर निघाला.

मग प्रत्येक ‘साडे’ वरच न्यावा काय? तसे केल्यास या मुलीला ३६३ गुण मिळाले असते, आणि तेही तिचे नव्हते. ‘पायथन’ भाषेतील ‘राउंड’ ही आज्ञा ‘साडे’ला जवळच्या सम संख्येकडे नेते, साडेएकसष्टचे बासष्ट आणि साडेबासष्टचेही बासष्ट. त्यामुळे पुष्कळ बेरजांत कमीअधिक भरून निघते. तथापि सरळ मार्ग एकच: अपूर्णांक अखेरपर्यंत जपावा, आणि पूर्णांक करायचाच असेल तर तो एकदाच, शेवटी करावा.

ताळा लेखी पाठविल्यावर यादी दुरुस्त झाली. वाचकहो, घरी मुलांचे निकालपत्रक आले की एकदा स्वतः बेरीज करून पाहावी. आकडा छापील आहे एवढ्यावरून तो अचूक ठरत नाही.