एकाच वारेवर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सकाळची एस. टी. गाठण्याआधी मी धाकट्या भावाला भरवते. त्याचे हातपाय ताठ असतात. सदऱ्याची बाही आधी आखडलेल्या हातात घालावी लागते. बोलणे अस्पष्ट, पण हसणे अगदी स्वच्छ.

तो एकटा जन्मला नाही. मार्च २०१० मध्ये आईला जुळे झाले. दुसरा पोटातच, काही दिवस आधी गेला होता. त्या वर्षी १५ जानेवारीला सूर्यग्रहण होते. ग्रहणात आईने विळीवर भाजी चिरली म्हणून हे झाले, असे आजीने ठरवले. गावाने मानले. आईनेही मानले. तेव्हापासून प्रत्येक ग्रहणाला ती दार लावून बसे.

२०२५ च्या उन्हाळ्यात धाकट्याला तालुक्याला व्यायामोपचारासाठी नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावले. एकसारखी जुळी पुष्कळदा एकाच वारेवर वाढतात. वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एकाचे हृदय थांबले की त्याच्याकडचा दाब ओसरतो आणि जिवंत बाळाचे रक्त तिकडे धावते. थोड्याच वेळात त्याच्या मेंदूला रक्त अपुरे पडते. अशा वाचलेल्या बाळांत साधारण चौघांमागे एकाच्या मेंदूला इजा होते. मेलेल्या बाळाचे विष जिवंताला बाधते, असे पूर्वी डॉक्टरांनाही वाटे. तो समज आता मागे पडला आहे.

"लवकर आणले असते तर?" मी विचारले.

"कळेपर्यंत इजा होऊन गेलेली असते. आईचा यात काहीही दोष नाही."

त्या रात्री मी चुलीपुढच्या राखेत तेच चित्र काढले. दोन बाळे, एक वार. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे यानं आपलं रगत भावाला दिलं?"

दिले नाही, ओढले गेले, असे माझ्या ओठांवर आले होते. पण पंधरा वर्षांनी आई रडत होती, आणि ते रडणे अपराध्याचे नव्हते. मी म्हटले, "व्हय आई."

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री चंद्रग्रहण होते. आजी आत जप करत होती. आईने धाकट्याला उचलून अंगणात आणले, मांडीवर घेतले. ढगांतून तांबूस चंद्र दिसला तसा तो हसला. दार रात्रभर उघडेच होते.

"कॉलेजात जाऊन काय मिळवलंस गं?" असे गावात अजून विचारतात. मला त्या उघड्या दाराची आठवण होते.