ओळखणाऱ्याची ओळख

ओळख पटणे ही गोष्ट आपण फार साधी समजतो. जिन्यावर पाऊल वाजले की न बघता कळते, थोरला आला की धाकटा. वह्यांचा गठ्ठा पुढे आला की नाव न वाचता मास्तर सांगतो, हे अक्षर कोणाचे. पण कोणी विचारावे, 'ओळखलेत कशावरून?' आणि आपण गप्प! ओळखणे सोपे, ओळखणाऱ्याला ओळखणे महाकठीण.

हा विचार माझ्या मागे लागला तो एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूमुळे. तिचे नाव २ए११. नाव ऐकून एखाद्या एस. टी. गाडीचा नंबर वाटावा. पण हे आहे एक प्रतिपिंड. प्रयोगशाळेतल्या शीतपेटीत, बोटभर नळीत, पाण्यासारखे दिसणारे. ते कोणाचा रोग बरा करीत नाही. त्याचे काम एकच : शरीरात बुरशी ओळखणारा जो पहारेकरी आहे, त्याला ओळखायचे.

बुरशीशी आपला घरोबा जुना. पावसाळ्यात ती चपलेवर येते, शिळ्या भाकरीवर येते, झाकण सैल राहिलेल्या लोणच्यावर येते. हवेतून तिचे बीजाणू आपण रोज श्वासाबरोबर आत घेतो, आणि तरी बहुतेकांना काही होत नाही. का होत नाही? बुरशीच्या पेशीला भिंत असते. त्या भिंतीत बीटा-ग्लुकन नावाची साखरेची साखळी असते. ही साखळी माणसाचे शरीर कधीच तयार करीत नाही. तेव्हा ती दिसली की समजावे, घरात परका शिरला. पण ती पाहणारा डोळा कोणता?

२००० साली अमेरिकेतील डॅलस येथे पेशींच्या पृष्ठभागावरचा एक रेणू सापडला. त्याचे नाव डेक्टिन-१ ठेवले गेले. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन या दोघांनी दाखवून दिले, की बीटा-ग्लुकन ओळखणारा तो हाच. (हे गॉर्डन ब्राउन म्हणजे इंग्लंडचे माजी पंतप्रधान नव्हेत; आणि एकाचे नाव ते दुसऱ्याचे आडनाव, हा योगायोग त्यांच्या आईबापांच्या खात्यावर मांडावा.) गंमत अशी, की सायमन गॉर्डन यांची संस्था सर विल्यम डन स्कूल, म्हणजे १९४० साली फ्लोरी आणि चेन यांनी पेनिसिलीन हाती आणले तीच. बुरशीपासून औषध तिथेच निघाले, आणि बुरशीचा पहारेकरीही तिथेच सापडला.

पहारेकरी सापडला, पण तो नेमके काय करतो हे कसे ठरवायचे? वर्गातल्या एखाद्या शांत मुलाचे मोल तो गैरहजर राहिला की कळते. शास्त्रज्ञांनी हेच केले. त्यासाठी या डोळ्यावर नेमका बसेल असा हात हवा होता. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीचे अर्बुदाच्या पेशीशी लग्न लावले. एकीला हुन्नर होते, दुसरीला अमरत्व; त्यांची संतती वर्षानुवर्षे एकच एक प्रतिपिंड देत राहते. १९८४ चे नोबेल पारितोषिक त्यांच्या पदरात पडले ते यासाठीच. २ए११ हे त्याच घराण्यातले. ज्याला इंग्रजीत माऊस म्हणतात त्या धाकट्या उंदराचा डेक्टिन ओळखायला, रॅट म्हणतात त्या थोरल्या उंदराच्या पेशी कामी आल्या.

मग प्रयोग. यीस्टच्या भिंतीचे कण पांढऱ्या पेशींपुढे टाकले की त्या कणांना धरतात आणि गिळतात. आधी २ए११ घातले, की ते धरणे पुष्कळच मंदावते. २००२ साली हे प्रसिद्ध झाले. डोळ्यावर हात ठेवला तेव्हा डोळ्याची किंमत कळली.

जे प्रयोगशाळेत मुद्दाम केले, ते निसर्गाने कुठे आपणहून करून ठेवले होते. २००९ साली नेदरलंड्समधील संशोधकांनी एका कुटुंबातल्या चार स्त्रियांची हकीकत छापली. त्यांच्यात हा डेक्टिन जन्मतःच अर्धवट घडत होता. बुरशीचा त्रास त्यांना पुन्हा पुन्हा होई, कोणाच्या नखांत, कोणाच्या नाजूक जागी. पण जिवावर बेतले नाही. दारावर दुसरेही पहारेकरी असतात.

या पहारेकऱ्याचा मला आवडलेला गुण निराळाच आहे. २०११ साली दिसून आले, की तीच साखर पाण्यात विरघळून आली तर तो तिला स्पर्श करतो, पण हाकाटी करीत नाही. बुरशीचा सबंध कण समोर उभा ठाकला तरच तो आरोळी देतो. नुसत्या वासावर धावून जाणे त्याला ठाऊक नाही.

आपल्याला मात्र तेवढेच ठाऊक! २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस आला. ही बुरशी निराळ्या कुळातली; तिच्या भिंतीत ही साखर अगदी थोडी. पण लोकांनी तिला रंगांवरून ओळखायला सुरुवात केली : काळी, मग पांढरी, मग पिवळी. आमच्या आळीतले एक गृहस्थ एक डोळा देऊन जीव वाचवून परत आले. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, हे डॉक्टर सांगून थकले. तरी त्यांच्या घरचा चहा कोणी घेईना. शेवटी त्यांनी ओट्यावर बसणेच सोडले. बाकीच्या आळीचे दोन्ही डोळे शाबूत होते. पण भ्यालेल्या डोळ्याला जिथे तिथे तेच दिसते, आणि तो त्यालाच ओळख म्हणतो.

म्हणून २ए११ची परीक्षा कशी घेतात हे वाचले तेव्हा मी थबकलो. ते डेक्टिनला चिकटते एवढ्याने त्याला कोणी पास करीत नाही. शेजारी दुसरे एक प्रतिपिंड ठेवतात, त्याच जातीचे पण डेक्टिनशी देणेघेणे नसलेले, आणि दोघांची तुलना करतात. खरी कसोटी त्यापुढे आहे. २००७ साली ज्यांच्यात डेक्टिन मुळीच नाही असे उंदीर तयार झाले. त्यांच्या पेशी पुढे ठेवायच्या आणि पाहायचे : आता ते गप्प बसते का? तिथेही काही दिसल्याचे ते सांगू लागले, तर त्याची आधीची साक्षही संशयात आली.

असलेले दाखवणारे साक्षीदार पुष्कळ भेटतात. नसलेल्या जागी मुकाट राहणारा एखादाच. शीतपेटीतल्या त्या नळीला बोलता येत नाही. पण कुठे बोलायचे नाही, हे तिला कळते.