शिडीवरचे एकशे सात डाव

मेंढीकोट येणाऱ्या माणसाला हार्थस्टोन शिकवायला फार वेळ लागत नाही. हुकूम कधी उघडायचा, मेंढी कुठल्या हातावर टाकायची, भिडूने उतारी कशाची केली त्यावरून त्याच्याकडे काय उरलं असेल, हे ज्याला कळतं त्याला मोबाइलवरचा हा पत्त्यांचा खेळ परका वाटत नाही. फरक इतकाच की इथे भिडू नसतो, आणि समोरचा मनमाडचा आहे की मनिलाचा ते कळत नाही.

खेळ २०१४ मध्ये आला. प्रत्येकाचा तीस पानांचा कॅट, तोही आपणच निवडून बांधायचा. पहिल्या पाळीला खर्चायला एक 'माना', दुसरीला दोन, असं दहापर्यंत. पाळीला सव्वा मिनिट, आणि वेळ संपत आली की पडद्यावर दोरी जळायला लागते. रँकची शिडी २०२० पासून अशी आहे: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड. प्रत्येकात दहा पायऱ्या, पायरीला तीन तारे. सगळ्यांच्या वर लेजंड. महिना बदलला की पुन्हा खालून चढायचं. आमच्या घरात सणवाराचा महिना चंद्रावर चालतो, शिडीचा इंग्रजी तारखेवर, त्यामुळे ईद आणि डायमंड एकत्र आले असं क्वचितच होतं.

मी खेळतो ते रात्री, दुकान बंद करून ईशाची नमाज झाल्यावर. दोन-तीन डाव. चांदवडला त्या वेळी महामार्गावरच्या ट्रकचा आवाज सोडला तर शांतता असते. कांद्याच्या दिवसांत मात्र बाजार समितीकडे निघालेले ट्रॅक्टर रात्रीच रांगेला लागतात, आणि शेतकरी ट्रॉलीवर पडून मोबाइल बघत असतात. त्यातलेच काही रमी खेळायचे. माझा भाचाही.

गेल्या वर्षी उन्हाळ कांद्याच्या पैशातले अठरा हजार त्याने एका ॲपवर रमीत घालवले. आपाने मला बोलावलं ते त्याला समजवायला. मी बसलो, आणि त्यानेच मला विचारलं, "मामू, तुम्हीही रोज रात्री पत्तेच खेळता. तुमचा खेळ वेगळा कसा?"

आपा स्वयंपाकघरातून ऐकत होती. आमच्या अब्बांच्या काळी या घरात पत्त्यांचा कॅट आणायची बंदी होती. सावंतवाडीत गंजिफांच्या गोल पानांवर दशावतार रंगवतात आणि 'गंजिफा' हा शब्द फारसीतून आलाय, असलं काही अब्बांना सांगून उपयोग झाला नसता. पत्ते म्हणजे जुगार, विषय संपला. कुराणात 'मैसिर'ला मनाई आहे, म्हणजे पैज लावून दुसऱ्याचं घेण्याला. पैज नसलेल्या पत्त्यांबद्दल उलेमांत एकमत नाही. मी काही आलिम नाही, तेव्हा तो वाद मी भाच्यासमोर काढला नाही.

कायद्याचं सांगितलं असतं तर त्याने मलाच अडवलं असतं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं होतं, आणि ॲपवाले वर्षानुवर्षं तेच पुढे करत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला त्यात हा भेदच बाजूला ठेवला: खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणं बंद, आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता. मला हे पटतं. खेळात कौशल्य किती यावर जुगार ठरत नाही, हरल्यावर घरातून काय जातं त्यावर ठरतो.

पण भाच्याला तेवढ्याने उत्तर मिळालं नसतं. म्हणून मी त्याला वही दाखवली.

वहीत प्रत्येक डावाची एक ओळ असते: कॅट कुठला, समोर कोण, पहिली पाळी कुणाची, आणि शेवटी निकाल कशाने लागला, पानांनी की निर्णयाने. ही शेवटची नोंद करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. हरलेला माणूस पानांना दोष देतो, हे मेंढीकोटातही तसंच. म्हणून हिशोब हाताशी असलेला बरा. पहिली पाळी असेल तर सुरुवातीला तीन पानं मिळतात, नको ती बदलता येतात. तिन्ही बदलली तरी, दोन प्रती असलेलं हवं ते पान सापडायची शक्यता साधारण ३७ टक्केच. दुसरी पाळी असेल आणि चारही बदलली, तर ४७. म्हणजे 'आलंच नाही' ही तक्रार करण्यासारखी गोष्टच नव्हे, ते न येणं हाच नेम. पान आलं नाही तर काय करायचं, हे ठरवून बसणारा पुढे जातो.

दुसरी गोष्ट भूमिकेची. माइक फ्लोरेस नावाच्या खेळाडूने १९९९ मध्ये मॅजिक या कागदी पत्त्यांच्या खेळावर एक लेख लिहिला होता, तो आजही सगळीकडे वाचला जातो. त्याचा मुद्दा असा की प्रत्येक डावात एकजण चाल करून जाणारा असतो आणि दुसरा किल्ला धरून बसणारा, आणि आपण यातले कोण हे चुकलं की डाव गेला. कॅट तोच असला तरी समोरचा बदलला की भूमिका बदलते. चांदवडच्या पोरांना हे समजवायला सोपं जातं, डोक्यावर किल्लाच आहे.

मग भाच्याने विचारलं, "लेजंड व्हायला किती डाव लागतात?" यावर आम्ही दोघांनी कागद-पेन घेतला. डायमंड ५ पासून वर पंधरा तारे लागतात. तिथून खाली घसरत नाही, आणि सलग जिंकल्याचा जादा ताराही तिथून वर मिळत नाही, म्हणून गणित सरळ आहे. शंभरात ५५ डाव जिंकणाऱ्याला सरासरी १०७ डाव लागतात. शंभरात ५० जिंकणाऱ्याला २४०. म्हणजे निम्मे हरणाराही वर पोचतो, फक्त त्याच्याकडे दुप्पट वेळ हवा! लेजंडचं चिन्ह मिरवणाऱ्यांकडे मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेने बघतो. डावाला आठ मिनिटं धरली तर एकाचे चौदा तास, दुसऱ्याचे बत्तीस. रँकपेक्षा टक्केवारी बघावी ती यासाठी. आणि ५५ टक्केवाल्यालासुद्धा शंभर डावांत कधीतरी सलग पाच हार येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. त्या रात्री कॅट बदलायचा नाही, मोबाइल ठेवून झोपायचं.

भाचा बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रमीत मला कुणी टक्केवारी सांगितलीच नाही."

भूजच्या तीर्थ मेहताने २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हार्थस्टोनमध्ये कांस्य मिळवलं, हे मी त्याला सांगितलं. तेव्हा ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, पदक देशाच्या तक्त्यात धरलं गेलं नाही. पुढच्या हांगचौच्या स्पर्धेत खेळ खऱ्या पदकासाठी होता, पण चीनमधली त्याची सेवाच बंद पडली आणि तो वगळला गेला. भाच्याला ही गोष्ट पदकापेक्षा जास्त लागली. कांदा उत्पादकाच्या पोराला ऐन वेळी बाजार बंद होणं कळतं.

आपाचं समाधान अजून झालेलं नाही. पैसे जात नाहीत हे तिला मान्य आहे, वेळ जातो हेही तिचं खरं आहे, आणि चौदा तासांचा हिशोब मीच तिच्यासमोर मांडला. त्यामुळे तिने अट घातली: दिवसाला तीन डाव, फजरला उठला नाही तर दुसऱ्या दिवशी एकही नाही, आणि पानांची पाकिटं पैसे देऊन घ्यायची नाहीत. शेवटची अट सगळ्यात शहाणपणाची. पाकिटात काय निघेल ते नशिबावरच असतं.

भाच्याची वही या महिन्यात एकसष्टाव्या डावावर आहे. डायमंड ४, दोन तारे. गेले चार दिवस एकही ओळ नाही, घरी चाळीत कांदा भरायचं काम चालू आहे.