फुटक्या बांगड्यांचे तोरण

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरी माळा उतरवतात. पणत्यांची टोपली, आकाशकंदिलाचा सांगाडा, चकलीचा सोऱ्या, कान तुटलेली एक कढई अशा वस्तू एकेक करून खाली येतात आणि सर्वांत शेवटी जुन्या धोतरात गुंडाळलेले एक तोरण येते. ते फुटक्या बांगड्यांचे आहे. बांगडीचा तुकडा चिमट्यात धरून ज्योतीवर धरायचा, काच लाल होऊन मऊ पडली की वाकवून तिची कडी करायची आणि त्या कडीत दुसरी अडकवायची. आमच्या आईने असे हातभर तोरण केले होते. ज्या संध्याकाळी वीज जाई त्या संध्याकाळी तोरण वाढे, आणि धाराशिवात तेव्हा वीज जाण्याच्या बाबतीत कधी कुचराई होत नसे.

आईच्या मांडीला मांडी लावून बसणारी तेव्हाची एक चिमुरडी म्हणजे माझी पुतणी. दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी थोरला, त्यामुळे तिच्या-माझ्यातही पंधराच वर्षांचे अंतर. बोट भाजून घ्यायची, फुंकर मारायची आणि पुन्हा तुकडा उचलायची. आम्हांला वाटले, पोरखेळ आहे, मोठी झाली की विसरेल. ती विसरली नाही. ही हकीकत त्या न विसरण्याची आहे.

मुलगी हुशार. पुण्यात इंजिनिअर झाली, शिकायला म्हणून इंग्लंडला गेली, तिथेच संगणकाची नोकरी लागली आणि दहा वर्षांत ती तिकडची कायमची रहिवासी झाली. दादाची छाती चार इंच फुगली. पुढे एके दिवशी तिने कळवले की आपण नोकरी सोडली आहे, भाड्याचे घर सोडले आहे आणि साठवलेल्या पैशांतून एक जुनी नाव विकत घेऊन त्या नावेवर राहायला गेलो आहोत. काचेच्या वस्तू करायच्या आणि त्या विकून पोट भरायचे, असा बेत होता.

तिकडे कालव्यांचे मोठे जाळे आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून कालवे आणि नद्यांचे सुमारे दोन हजार मैल एका विश्वस्त संस्थेकडे आहेत. कोळसा वाहण्यासाठी खोदलेल्या त्या कालव्यांवर आता माणसे राहतात. नाव जेमतेम सात फूट रुंद, म्हणजे आपल्या रेल्वेच्या डब्याहूनही अरुंद. स्वतःचा कायमचा धक्का नसला तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका जागी चौदा दिवसांहून अधिक थांबता येत नाही. मला यात पुष्कळ काव्य दिसले. दादाला काही दिसले नाही.

“ज्या जिल्ह्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, तिथली पोर पाण्यावर राहायला गेली,” एवढेच तो म्हणाला. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते, हे लक्षात घेतले तर त्याच्या बोलण्यातला कडवटपणा समजून येईल. त्या दिवसापासून त्याने मुलीशी बोलणे टाकले. फोन आला की तो अंगणात जाऊन तुळशीला पाणी घाली. रविवारी फोन वहिनी घेत आणि तुळस मात्र दिवसेंदिवस टवटवीत होत होती. अशी तीन वर्षे गेली.

मग एके रात्री पुतणीचा मला निरोप आला. “काका, दीड हजार वॅटची छोटी भट्टी नावेवर चालवायची आहे. बॅटऱ्या किती लागतील?”

मी मराठीचा प्राध्यापक. कर्जाचा भार, उपकाराचा भार, दागिन्यांचा भार हे मी वर्गात खुलवून सांगू शकतो. विजेच्या भाराशी माझा संबंध बिलापुरता. तिला हे ठाऊक नव्हते असे नाही. मला प्रश्न का आला, ते माझ्या रात्री उशिरा ध्यानात आले. ज्या माणसाला तो विचारायचा होता, त्याच्याकडे जाणारी एकच तार शाबूत होती आणि ती मी होतो.

दादाने सारी हयात विजेच्या नोकरीत काढली. तो चिकटला तेव्हा वीज मंडळ होते. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, तरी निवृत्त होईपर्यंत तो ‘मंडळ’च म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी मी चहाला गेलो आणि सहज म्हणून विषय काढला.

“एका ओळखीच्यांना विचारायचंय. दीड हजार वॅटची भट्टी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालेल?”

दादाने कपबशी खाली ठेवली. ओळखीचे कोण हे त्याने विचारले नाही. “बारा व्होल्टवर? इन्व्हर्टरमधली घट धरून एकशेचाळीस अँपिअर ओढेल. मनगटाएवढी तार लागेल. कोण मूर्ख आहे हा?”

“मूर्ख नाही, जरा हट्टी आहे.”

“मग घराण्यातलंच असेल,” दादा म्हणाला आणि आत गेला. मला वाटले, विषय संपला. पण संध्याकाळी त्याने माझ्या हातात एक चिठोरे दिले. मंडळात असताना पाळलेल्या टापटिपीने त्यावर आकडे मांडले होते. भट्टी एकदा पेटवून थंड होईपर्यंत साडेचार युनिटे घेते असे धरले, तर इन्व्हर्टरची घट मिळवून बॅटरीतून पाच युनिटे निघाली पाहिजेत. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत सव्वा युनिटाच्या आतबाहेर वीज. ती शिशाची असेल तर निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. म्हणजे नऊ बॅटऱ्या, वजन अडीचशे किलोंच्या घरात. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, “नाव बुडेल.”

नाव बुडणार नव्हती. तिच्या तळाशी वजन लागतेच, असे उलट टपाली उत्तर आले. पण आता व्यवहार सुरू झाला होता. पुतणी मला लिही, मी दादाला सांगे, दादा चिठोरे देई आणि मी त्याचा फोटो काढून पाठवी. एकमेकांचे नाव दोघांनीही कधी घेतले नाही. दादा “त्या पार्टीला सांग” म्हणे आणि पुतणी “ते जाणकार काय म्हणतात?” असे विचारी. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर दिवसभर एवढा का गुणगुणतो हे मला त्या दिवसांत कळले.

या भानगडीत मलाही थोडेफार ज्ञान झाले, ते वाचकांच्या पदरात टाकतो. दोन काचा एकजीव करायच्या तर भट्टी आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावी लागते. कडेला कडा नुसती चिकटवायची तर पन्नासेक अंश कमी चालतात. पण खरे कौशल्य तापवण्यात नसते, निववण्यात असते. काच खाली येताना पाचशे अंशांच्या आसपास थोपवून धरावी लागते, म्हणजे तिच्या अंगातला ताण निघून जातो. घाईने झाकण उघडले तर वस्तू दिसायला सुरेख निघते आणि चार दिवसांनी, कोणी हात लावला नसताना, कपाटात आपोआप तडकते. आणखी एक. दोन काचा तापल्यावर सारख्या फुगल्या आणि निवल्यावर सारख्या आकसल्या, तरच त्यांचे जमते. नाहीतर रंग कितीही जुळलेले असोत, सांध्यात चीर पडते. माझ्या पाहण्यातल्या काही लग्नांची आठवण मला झाली, पण तो विषय वेगळा.

अडचण निराळीच होती. पुतणीच्या नावेच्या टपावर सूर्याच्या विजेचे तीन पत्रे होते. जूनमधल्या चांगल्या दिवशी त्यांतून दोन युनिटे निघत. डिसेंबरात तिकडे दिवस आठ तासांचाही नसतो आणि त्यातही सूर्य क्षितिजाला धरून चालतो. मग पाव युनिट मिळाले तरी पुष्कळ. दिवे, पाण्याचा पंप आणि शीतकपाट यांतच ते संपून जाई. “इथं ऊन फुकट जातंय आणि तिथं पोरगी...” असे दादा बोलून गेला आणि थबकला. तीन वर्षांत ‘पोरगी’ हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी छताकडे पाहत राहिलो.

तोडगा शेवटी दादानेच काढला. वीज वाढवता येत नसेल तर भूक कमी करायची. तळहाताएवढ्या पोटाची, सहा-सातशे वॅटची भट्टी घ्यावी. तिच्या भिंती जाड आणि हलक्या असाव्यात, म्हणजे उष्णता बाहेर पडणार नाही आणि दीड युनिटात एक भाजणी निघेल. बॅटऱ्या नव्या जातीच्या, लिथियमच्या दोन घ्याव्यात, त्यांतली बरीचशी वीज वापरता येते. चोवीस व्होल्टांवर जोडाव्यात, म्हणजे प्रवाह निम्मा होतो आणि तार पातळ चालते. उन्हाळ्यात भाजणी भर दुपारी लावावी, पत्र्यांची वीज थेट भट्टीत जाईल. हिवाळ्यात एखाद्या धक्क्यावर नाव लावून किनाऱ्याची वीज घ्यावी, उगाच अभिमान धरू नये. भट्टीखाली लाकूड ठेवू नये आणि खिडकी उघडी ठेवावी. ही शेवटची दोन वाक्ये चिठोऱ्यावर दोनदा लिहिली होती.

गेल्या दिवाळीला पुतणी घरी आली. बाप-लेक एका खोलीत आले की तिसऱ्याला ठसका लागावा अशी शांतता पसरे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी म्हटले, चला, तेरला जाऊन येऊ.

तेर धाराशिवाहून वीस-पंचवीस किलोमीटरांवर, तेरणेच्या काठी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात ज्या तगर नगरीचे नाव आहे ती हीच, हे फ्लीटसाहेबाने १९०१ साली दाखवून दिले. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या गावाहून तलम कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेताशिवारांत सापडणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर वेचल्या आणि त्यांतून तिथले सरकारी वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यात काचेचे मणी आहेत. पुतणी त्या कपाटापुढून हलेना.

“काका, यांच्याकडे ना बॅटरी, ना आकडे दाखवणारं यंत्र. कोळसा, भाता आणि डोळे. आगीच्या रंगावरून ओळखायचे.”

दादा मागे उभा होता. तो कपाटाकडे पाहत म्हणाला, “आणि निववायचे कसे?” प्रश्न मला नव्हता.

“राखेत पुरून ठेवत असतील, बाबा,” ती म्हणाली. “अजूनही काही जण तसंच करतात.”

तेरची वीट पाण्यावर तरंगते, ही तिथली नवलाई. मातीत मिसळलेला भुसा भाजताना जळून जातो, विटेत बारीक पोकळ्या राहतात आणि ती हलकी होते. पुतणी म्हणाली, माझ्या भट्टीची वीटही अशीच हलकी, पोकळ्यांची. पोकळीत हवा कोंडलेली असते, म्हणून ऊब बाहेर जात नाही. दादाने त्रिविक्रमाच्या जुन्या विटांच्या भिंतीला हात लावून पाहिला. मुलगी खुळी नसून दोन हजार वर्षे उशिरा जन्मली आहे, असा काहीसा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता.

परतताना गोरोबाकाकांच्या मंदिरात गेलो. तेर हे गोऱ्या कुंभाराचे गाव. थापटणे घेऊन संतांची डोकी तपासणारे आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवणारे ते हेच. पण गोरोबांची दुसरीही एक कथा आहे. भजनाच्या नादात चिखल तुडवताना रांगत आलेले आपलेच मूल त्यांच्या पायाखाली आले आणि त्यांना कळलेही नाही. दर्शन घेऊन आम्ही पायरीवर बसलो. दादा बराच वेळ गप्प होता. मग मुलीकडे न पाहता म्हणाला, “गोरोबांना निदान विठ्ठलाचा नाद होता. मला कसला होता?”

पुतणीने काही उत्तर दिले नाही. तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढून त्याच्या हातावर ठेवली. तळहाताएवढी, हिरव्या आणि तांबड्या काचेची बशी होती. फिरोजाबादच्या बांगड्यांचे तुकडे तिकडे नेऊन, एकाच जातीचे निवडून, तिने ती नावेवर भाजली होती. दादाने ती उन्हात धरली, बोटाने कड तपासली, कुठे चीर दिसते का ते पाहिले. चीर नव्हती.

“किती युनिटं लागली?” त्याने विचारले.

“एक आणि चार दशांश.”

“मी दीड धरली होती,” दादा म्हणाला. त्याचा आवाज एवढा का बसला होता याची चौकशी मी केली नाही.

पुतणी पुन्हा नावेवर गेली. धंदा बेताचाच चालतो, आणि हिवाळ्यात तिला हातांना मोजे घालून झोपावे लागते. दादाची काळजी काही संपलेली नाही. पण आता रविवारी फोन आला की तो अंगणात जात नाही, तुळशीला पाणी घालायचे काम वहिनींकडे आले आहे. मला कोणी विचारत नाही, मी पुन्हा मराठी शिकवतो.

काल माळा उतरवला. आईच्या तोरणाची एक कडी गेल्या वर्षी निखळली होती. टपालाने आलेल्या पाकिटात तिच्या मापाची नवी कडी होती. ती बसवायची दादाने ठरवले. चष्मा लावून, मेणबत्ती पेटवून, चिमटा घेऊन तो बसला. बोट भाजले तेव्हा त्याने फुंकर मारली आणि पुन्हा तुकडा उचलला.

“खिडकी उघड रे,” तो मला म्हणाला.