गाणं कोण कुणाला म्हणतंय?

पुण्याहून गुहागरला जायचं म्हणजे सहा-सात तासांची तयारी लागते. खाऊचं सासूबाई बघतात, हवा-पाणी-डिझेल नवरा बघतो आणि गाण्यांचं खातं माझ्याकडे. हे खातं मी बरीच वर्षं एकाच नियमावर चालवलं: जुनं असेल ते मुलांसमोर चालेल, नवं चालणार नाही. पुलंनी चाल लावलेलं आणि आशाबाईंनी १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’त गायलेलं ‘नाच रे मोरा’, पाडगावकरांचा भोलानाथ, आजीसाठी दोन-चार नाट्यपदं, बाबासाठी किशोरकुमार. नवीन काही कुणी सुचवलंच, तर ते मी आधी एकटीने ऐकायचे आणि बहुतेक वेळा यादीत घ्यायचेच नाही.

आज मी असं करत नाही. का करत नाही ते जरा सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण माझ्या ओळखीतले कितीतरी आईबाप अजून सालावरूनच गाणी निवडतात.

त्या नियमामागची काळजी खोटी नव्हती. शाळेच्या बसमधून, वाढदिवसांतून, लग्नाच्या वरातीतून मुलांच्या तोंडी गाणी येतात, त्यांतल्या काहींत दारू, महागड्या गाड्या आणि बाईची कंबर याशिवाय दुसरं काही नसतं. दुसरीतला मुलगा दात घासता घासता बाटल्या मोजायला लागतो तेव्हा पोटात गोळा येतोच. ती काळजी मी टाकून दिलेली नाही. गाण्याचं वय बघितलं की त्याची नियत कळते, हा विश्वास मात्र उरला नाही.

त्याला पहिलं खिंडार माझ्या मुलीने पाडलं, आणि तेही माझ्या सर्वांत लाडक्या गाण्यावरून. ‘आराधना’तलं, १९६९ सालचं. दार्जिलिंगची ती चिमुकली रेल्वे, शेजारच्या रस्त्यावरून धावणारी उघडी जीप, जीपमध्ये राजेश खन्ना आणि खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली शर्मिला टागोर. प्रवासात लावावं तर हेच, अशी माझी ठाम समजूत. आमच्याकडे ते सगळ्यांना तोंडपाठ. एकदा घरी टीव्हीवर ते चित्रासकट लागलं. मुलगी शांतपणे बघत होती. मग म्हणाली, “अगं आई, ती त्याला ओळखते का?” मी म्हटलं, अजून नाही. “मग हा असा गाडीच्या बरोबरीने गात का चाललाय? तिला नको असेल तर ती कुठे जाणार? ती तर ट्रेनमध्ये आहे.”

त्या क्षणी मी तिला नीट उत्तर देऊ शकले नाही. सचिनदांची चाल, किशोरचा आवाज, शर्मिलाचं ते खोडकर हसू, यांतलं काहीच त्या प्रश्नाला उत्तर म्हणून पुरेना. गाणं आम्ही यादीतून काढलेलं नाही, आजही लावतो. पण त्यानंतर मी माझ्या ‘सोज्वळ’ यादीतलं एकेक गाणं तिच्या कानांनी ऐकायला लागले. पदर ओढणारे, वाट अडवणारे, नकाराला लाजणं समजणारे नायक त्यात किती निघाले! शब्द सगळे घरंदाज. एकही वावगा नाही. आणि आमच्या लहानपणाबद्दल तर बोलायलाच नको. १९९३ साली ‘खलनायक’मधल्या चोळीच्या गाण्यावरून वाद कोर्टापर्यंत गेला होता, आणि त्याच गाण्यावर मांडवात आम्ही शाळकरी पोरं नाचत होतो. मोठी माणसं खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होती. ‘आमच्या वेळची गाणी’ म्हणताना आपण नेमकी तीच विसरतो.

मग वाटलं, गाणी पारखायचं हे काम ॲपवर सोपवावं. बहुतेक ॲपमध्ये तशी सोय आहे. ती चालू केली की ‘ई’ अक्षराची खूण असलेली गाणी वाजत नाहीत. ही खूण आली कुठून, त्याचीही गोष्ट आहे. मुलीसाठी आणलेली प्रिन्सची ‘पर्पल रेन’ घरात वाजली आणि त्यातलं एक गाणं ऐकून टिपर गोर ही अमेरिकन आई हादरली. तिचा नवरा, अल गोर, तेव्हा सिनेटर. १९८५ साली तिने काही मैत्रिणींना घेऊन संघटना काढली, सिनेटपुढे सुनावणी झाली, आणि त्यातून ध्वनिमुद्रिकांवर पालकांसाठी सूचनेची चिठ्ठी लागायला लागली. चिठ्ठी लावायची की नाही ते कंपनीनेच ठरवायचं, तेव्हाही आणि आजही.

त्या आईचा संताप मला आतून कळतो. पण तिने मिळवलेली खूण आमच्या गाडीत फारशी उपयोगी पडत नाही. ती मुख्यतः शिव्या आणि उघड वर्णनं पकडते. आपल्याकडची द्व्यर्थी गाणी तिच्या समोरून बिनदिक्कत निघून जातात, कारण त्यांत शिवी नसतेच. जे काही असतं ते डोळा मारण्यात असतं. आपल्याकडे सिनेमाला प्रमाणपत्र लागतं, आता तर सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या वेगवेगळ्या पायऱ्याही झाल्यात. पण त्याच सिनेमातलं गाणं नुसतं ऐकायला ॲपवर येतं तेव्हा त्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. म्हणजे ऐकायचं आपल्यालाच.

ऐकायचं म्हणजे काय ऐकायचं? मी आता एवढंच बघते की गाणं कोण कुणाला म्हणतंय, आणि ज्याला म्हणतंय त्याला काही विचारलंय का.

या कसोटीला लावल्यावर माझ्या नावडत्या यादीतली गाणी एकेक करून माझ्याकडे आली. २०२४ साली ‘गुलाबी साडी’ जिकडेतिकडे वाजत होतं. नाव ऐकूनच मी ते बाजूला ठेवलं होतं. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड या तरुण गायकाचं हे गाणं. सिनेमा नाही, मोठं घराणं नाही. शेवटी मुलांच्या हट्टापायी नीट ऐकलं. त्यातली मुलगी स्वतः नटलीय, आपण सुंदर दिसतोय हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि माझा फोटो काढ असं ती आपल्या माणसाला हक्काने सांगते. बस्स. कुणी तिच्या मागे लागलेलं नाही, कुणी तिच्यावर टपलेलं नाही. जीपमधल्या नायकाला जे सुचलं नाही ते इथे आपोआप झालंय.

‘नाळ’मधलं ‘जाऊ दे न वं’ तर मी लहान मुलांचं गाणं कसं असावं याचा नमुना म्हणून सांगेन. २०१८ चा सिनेमा, ए. व्ही. प्रफुल्लचंद्र यांचं संगीत, आणि जयस कुमार या मुलाचा आवाज. पोरगं आईला विनवतंय, मला बाहेर जाऊ दे. विदर्भातली बोली, नदीकाठचं गाव. माझ्या पुण्यात वाढलेल्या पोरांना निम्मे शब्द आधी कळले नाहीत, पण त्या विनवणीतला सूर लगेच कळला, कारण तो रोज संध्याकाळी आमच्याही दारात ऐकू येतो. जुन्या बालगीतांवर माझं प्रेम आहे, ते राहीलच. पण त्यांतली बरीच मोठ्यांनी मुलांकडे बघून लिहिलेली असतात. इथे मूल स्वतः भांडतंय.

सगळ्यांत जास्त विचार करायला लावला तो रोझे आणि ब्रुनो मार्स यांच्या ‘एपीटी’ने. मुलीच्या वर्गात ते सगळ्यांना येतं. कोरियन भाषेत अपार्टमेंटला जे म्हणतात त्याचंच ते नाव, आणि गाणं बेतलंय तिथल्या एका खेळावर. सगळ्यांनी हातावर हात रचायचे, एकाने आकडा सांगायचा, मग तळातला हात काढून वर ठेवत एकेक मजला मोजायचा. त्या आकड्याच्या मजल्यावर ज्याचा हात येईल त्याने दारूचा घोट घ्यायचा. हे वाचल्यावर पूर्वी मी ते गाणं त्याच मिनिटाला पुसलं असतं. आता मी मुलीला सरळ सांगितलं की हा तिथल्या मोठ्या माणसांचा, दारू पितानाचा खेळ आहे. ती म्हणाली, “बरं. मग आपण कोकम सरबतावर खेळू.”

कुंभार्ली घाटात आम्ही तो खेळ मागच्या सीटवर खेळलो. सर्वांत खाली माझा हात, त्यावर लेकाचा चिकट, मग मुलीचा. मजले मोजताना लेक हमखास लबाडी करायचा आणि पकडला गेला की खिदळायचा. एरवी कोयनानगर सोडलं की त्याला गाडी लागते. पूर्वी त्याला गप्प बसवायला हातात मोबाईल द्यायचो, तेव्हा तर हमखास. वळणावर शरीर हलतंय आणि डोळे स्थिर पडद्यावर, हा मेळ मेंदूला जमत नाही. गाण्याला डोळे लागत नाहीत. फक्त खेळातही नजर हातांवर खिळू लागली की मी त्याला मध्येच दरीतला धबधबा दाखवते. आणि घाटात नेटवर्क जातं म्हणून गाणी आदल्या रात्रीच उतरवून ठेवावी लागतात. त्या रात्री आता आम्ही सगळे मिळून बसतो, मी एकटी नाही.

सासूबाईंना हे सगळं पटलेलं नाही. “लहान मुलांना एवढं समजावून सांगायची गरज काय? कानावर पडूच देऊ नये,” असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मान राखून मी म्हणते की कानावर पडतंच, फक्त आपण तिथे नसतो. मोटारीत सगळ्यांना एकच गाणं ऐकावं लागतं, कुणाच्या कानात वेगळी बोंडं नसतात. मुलाने काही विचारलं तर उत्तर द्यायला चार मोठी माणसं हाताशी आहेत, आणि कुणाला उठून जाताही येत नाही. इतकी चांगली जागा मला घरातही मिळत नाही. त्यावर सासूबाई गप्प झाल्या, पण त्यांच्या वाटणीच्या नाट्यपदांत एकाची भर मात्र त्यांनी घातली.

काही गाण्यांना माझा नकार आजही ठाम आहे. ज्यात बाई म्हणजे नुसती वस्तू, ज्यात बंदूक म्हणजे मर्दुमकी, ती आमच्या गाडीत वाजणार नाहीत, ताल कितीही छान असो. इथे मी कुणाची समजूत काढत बसत नाही.

एका गाण्याचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. सहावीतल्या लेकीला एक इंग्रजी गाणं हवंय. त्याला ती ‘ई’ची खूण आहे, एका शिवीमुळे. बाकी गाणं मैत्रीण दुरावल्याचं, मनापासून लिहिलेलं. शिवी गाळलेली आवृत्ती घेऊ, असं मी सुचवलं. तिने विचारलं, “तुला शब्द खटकतोय की गाणं?” शब्द, मी म्हटलं. “पण तूच तर म्हणतेस, शब्दांवरून ठरवायचं नाही.” धाकटा झोपल्यावर दोघींनी बसून, शब्द समोर ठेवून ते ऐकायचं ठरलंय. गणपतीला निघायच्या आत काय ते ठरवावं लागेल.