येरवड्याचे मुक्तांगण

पुणे स्थानकाकडून बंडगार्डनचा पूल ओलांडून पलीकडे गेले की येरवडा लागते. या परिसराचे नाव इतिहासात आले ते बहुधा बंदिवानांमुळे. १९३२ चा पुणे करार येथल्या कारागृहात झाला. नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी देह ठेवला. सामान्य मराठी माणसाच्या बोलण्यात मात्र येरवडा म्हणजे एक तर तुरुंग, नाही तर वेड्यांचे इस्पितळ. ‘याला आता येरवड्यालाच पाठवा’ ही थट्टा आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेली आहे. आळंदी रस्त्याच्या बाजूला, मोहनवाडीत असलेले ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात जन्माला आले. मुलाला वा पतीला तेथे नेताना त्या काळी घरच्यांना तो उंबरठा किती उंच वाटला असेल!

१९८० नंतरच्या त्या वर्षांत मुंबई-पुण्यात ‘गर्द’ नावाची भुकटी पसरू लागली होती. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अशुद्ध हेरॉइन. पन्नीवर तापवून तिचा धूर ओढायचा. काही दिवसांतच शरीर तिच्यावाचून चालेनासे होते. ती मिळाली नाही तर नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, हाडे ठणकतात, पोट बिघडते, झोप उडते. ओढणारी मुले या यातनांना ‘टर्की’ म्हणत. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आला. परंतु कायद्याने विक्रेता पकडला, तरी घरात तळमळत पडलेल्या मुलाचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच.

ओळखीच्या कुटुंबातील एक तरुण गर्दच्या आहारी गेल्याचे कळल्यावर डॉ. अनिल अवचट या विषयाकडे वळले. शिक्षणाने डॉक्टर, पण वृत्तीने लेखक असलेला हा माणूस अड्ड्यांवर फिरला, मुलांशी बोलला आणि त्याने लिहिले. ‘गर्द’ हे त्यांचे पुस्तक त्यातूनच आले. ते लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. पैसा आला, तरी असे केंद्र चालवणार कोण? त्याचे उत्तर अवचटांच्या घरातच होते. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजेच सुनंदा, या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. लं.च्या हस्ते मुक्तांगणाचे उद्घाटन झाले. देणगीची पाटी लावण्यासाठी इमारती बांधणारे दाते आपण पुष्कळ पाहतो. येथे इमारत आधीच उभी होती, तीही सरकारी आणि लोकापवादाने झाकलेली. दात्यांनी भांडवल घातले ते माणसांवर.

येथील निवासी उपचार सुमारे पाच आठवड्यांचे. पहिले काही दिवस औषधांचे आणि डॉक्टरांच्या देखरेखीचे. (अनेक वर्षे भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी, घरच्या घरी बंद करणे जिवावर बेतू शकते, हे येथे सांगून ठेवले पाहिजे.) त्यानंतरचे काम अधिक कठीण: प्रार्थना, योगासने, समूहात बसून स्वतःविषयी खरे बोलणे. समुपदेशकांपैकी अनेक जण कधीकाळी येथेच रुग्ण म्हणून आलेले. नव्याने आलेला माणूस डॉक्टरांपुढे सहज खोटे बोलेल; ज्याने तीच खोटी कारणे वर्षानुवर्षे आपल्या आईला सांगितली, त्याच्यापुढे त्याची मात्रा चालत नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट मात्र रुग्णांची नव्हे, घरच्यांची. मुक्तांगणात पत्नींचा ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट आहे. व्यसन एकाचे असले तरी आजारी सारे घर असते, हे त्यामागचे सूत्र. आपल्या व्यापारी घरांत हा आजार कसा पोसला जातो, हे आपण जाणतो. गल्ल्यातली तूट वडील गुपचूप भरतात. बाजारातली उधारी थोरला भाऊ चुकती करतो. ‘त्याची तब्येत बरी नाही’ असे सून पाहुण्यांना सांगते. बहिणीची सोयरीक ठरेपर्यंत गप्प राहायचे, मग दुकानाचा हंगाम उलटेपर्यंत. मद्य हे आपल्या शास्त्राने सप्तव्यसनांत गणलेले. त्यामुळे आपल्याकडे ते घरात शिरलेच, तर त्याला दुहेरी कुलूप लागते. बाहेरच्यांपासून लपवायचे आणि मंदिरातल्या माणसांपासून त्याहून अधिक. प्रत्येक चुकते केलेले कर्ज हे पुढच्या बाटलीचे भांडवल ठरते, हे त्या बापाला शत्रुत्वाने नव्हे, तर मायेने सांगणारे कोणी लागते. सहचरीच्या बैठकीत ते काम दुसरी एखादी पत्नीच करते.

डॉ. सुनंदा १९९७ साली कर्करोगाने गेल्या. एका व्यक्तीच्या मायेवर उभ्या राहिलेल्या संस्था तिच्यामागे बहुधा थंडावतात. येथे तसे झाले नाही. पुढे संस्थेची स्वतःची इमारत झाली आणि कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा सांभाळली. व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभागही निघाला. स्त्रीचे व्यसन पुरुषाच्या व्यसनाहून दसपट लपवले जाते, तेव्हा त्याची गरज वेगळी सांगायला नको. अनिल अवचट जानेवारी २०२२ मध्ये निवर्तले. ‘मुक्तांगणची गोष्ट’ हे त्यांचे पुस्तक ज्याला सविस्तर जाणून घ्यायचे आहे त्याने वाचावे.

पाच आठवड्यांनी माणूस घरी परततो, तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. तीच पेठ, तेच मित्र, तीच संध्याकाळ. म्हणून पाठपुराव्याला यायचे असते. पाय घसरला तर पुन्हा यायचे आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. व्यसनाविना वर्ष पूर्ण झाले की त्याचा वाढदिवस साजरा होतो. सत्कार एकट्याचा असला, तरी त्या वर्षाचा एकेक दिवस मोजलेली घरची माणसेही समोर बसलेली असतात.