शिलाई की शिक्षण?

बारावी झालेली आमची जुनी विद्यार्थिनी अब्बांना घेऊन आली. तिला फॅशन डिझाईन शिकायचे होते. अब्बा म्हणाले, "सर, शिलाई मशीन घेऊन दिलीय. कॉलेज कशाला?"

खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच होते. खारघरच्या 'निफ्ट'ची चार वर्षांची पदवी, तिची फी, प्रवेशपरीक्षा इंग्रजी-हिंदीत. उर्दू शाळेतल्या मुलीने कसे करावे?

तिने वही उघडली. हमरापूरच्या कारखान्यांतल्या गणेशमूर्तींच्या शेल्याच्या चुण्या आणि शेजारी अम्मीच्या ओढणीच्या. आम्ही वरमलो.

निफ्टचा अर्ज भरायचे ठरले. नंबर न लागल्यास आयटीआयचा एक वर्षाचा फॅशन डिझाईनचा कोर्स. अब्बांनी विचारले, "पनवेलला गाडी बदलावी लागेल ना?"

आम्ही वेळापत्रक शोधू लागलो.